बीटी कपाशी : जनुक हरले की जपले नाही?

जनुकीय बदल केलेल्या कपाशीच्या तीन संकरित वाणांना मार्च २००२ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली, तेव्हा शेतकऱ्यांची खरी डोकेदुखी होती ती हिरवी बोंडअळी. फवारण्यांनाही दाद न देणाऱ्या या अळीला बीटी वाणांनी रोखले, हे टीकाकारांनाही नाकारता येणार नाही. देशातील उत्पादन २००१-०२ मधील सुमारे १५८ लाख गाठींवरून २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठींच्या आसपास गेले. अर्थात, त्यात गुजरातमधील सिंचनाचा आणि वाढलेल्या लागवडीचाही वाटा होता. हेक्टरी उत्पादकता तर २००७-०८ मध्येच साडेपाचशे किलो रुईच्या घरात जाऊन थबकली. बीटीचे क्षेत्र त्यानंतरही वाढतच राहिले.

दरम्यान शत्रू बदलला. शेंदरी बोंडअळी बोंडात शिरून सरकी खाते. बाहेरून बोंड निरोगी दिसते, वेचणीला मात्र हाती कवडी येते. पहिल्या जनुकाला ही अळी गुजरातमध्ये दाद देत नसल्याचे २०१० मध्ये उघड झाले. दोन जनुकांचे बीटी-२ वाण २००६ मध्ये आले होते. तेही पुढे निष्प्रभ ठरले आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील उभी शेते हातची गेली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. कीटकनाशकांपासून सुटका हे ज्या बियाण्याचे आश्वासन, त्याच्या पदरी पंधरा वर्षांत हे यावे!

अमेरिकेत मात्र २०१८ मध्ये याच अळीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. तिथेही बीटी कपाशीच होती. पण तिच्या जोडीला वंध्य पतंग सोडण्याची आणि पीक वेळेत संपवण्याची मोहीम होती. आपल्याकडे ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले गेले. अळीत प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून ते बांधालगत पेरायचे होते. दोन-अडीच एकरांचा धनी अळीसाठी जमीन कशी सोडणार? शिवाय कंपन्यांनी जनुक घातले ते दीर्घ मुदतीच्या संकरित वाणांत, कारण त्यांचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा सहभाग असलेले सरळ वाण ‘बीएन बीटी’ २००८ मध्ये आले खरे, पण त्यात खासगी कंपनीचे जनुक आढळल्याने ते मागे घ्यावे लागले.

फरदड घेऊ नका, शेत वेळेत रिकामे करा, असे कृषी विभाग दर हंगामात बजावतो. परंतु रब्बीला पाणी नाही आणि झाडाला अजून चार बोंडे आहेत, अशा वेळी कोरडवाहू शेतकरी कोणत्या भरवशावर पऱ्हाटी उपटणार?