फिरवाफिरवी

मिक्सरमध्ये कॉफी दळता येत नाही.

गेल्या महिन्याभरात हे वाक्य मी बँकेच्या कॅन्टीनमध्ये, सोसायटीच्या जिन्यात आणि दोन वेळा स्वतःच्या स्वयंपाकघरात उच्चारलं. चारही वेळा लोकांनी मला संशयित नोटेसारखं उजेडात धरून पाहिलं. ‘म्हणजे काय? आम्ही तर दळतो!’ असंही सगळ्यांनी सांगितलं. त्यांना वाटतं ते दळतात. आमच्या शाखेत काही खातेदारांना आपण कर्ज फेडतोय असं वाटतं, तसंच.

प्रकरण मुळापासून सांगतो. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते. त्या दिवशी मी डोंबिवलीहून गाडी पकडून माटुंग्याला जातो आणि भाजलेल्या कॉफीच्या वासाचा माग काढत एका दुकानाशी पोहोचतो. तिथे तुमच्या डोळ्यांदेखत बिया मोठ्या गिरणीत घालून, हवी तेवढी चिकोरी मिसळून, गरम पुडी हातात देतात. शहाणी माणसं ती घेऊन घरी जातात. मी अख्ख्या बिया मागतो. काउंटरवरच्या गृहस्थांनी पहिल्यांदा विचारलं, “घरी ग्राइंडर आहे?” मी म्हटलं, “हात आहेत.” तेव्हापासून ते मला वजनात दोन बिया जास्त घालतात. आदराने की दयेने, ते मी विचारलेलं नाही.

अख्ख्या बियाच का? तर हिशेब साधा आहे. भाजलेली बी आपला वास पोटात धरून बसते. ती फोडली की वास बाहेर पडायला लागतो आणि पुडी उघडी राहिली तर चार दिवसांत उरतो तो नुसता रंग. दळताना घरभर जो घमघमाट सुटतो, तो कपातून वजा होत असतो. दळणं आणि पिणं यांतलं अंतर जितकं कमी, तितकी शिल्लक जास्त. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षालासुद्धा समजावं इतकं हे सोपं आहे.

आता मिक्सर. मराठी भाषा हा माझा विषय नव्हे, पण आपल्या भाषेत गहू दळतात, भात कांडतात, दाणे कुटतात, चटणी वाटतात, डाळ भरडतात, औषध खलतात आणि मिरची ठेचतात. प्रत्येक कामाला वेगळं क्रियापद, कारण प्रत्येक कामाला हाताची वेगळी हालचाल. घरात मिक्सर आला आणि या साऱ्या क्रियापदांना एकदम स्वेच्छानिवृत्ती मिळाली. आता सगळं ‘फिरवतात’. खोबरं फिरव, दाणे फिरव, कॉफी फिरव. भाषा खोटं बोलत नाही. मिक्सर फिरवतोच. त्याच्या तळाशी एक पातं गरगरत असतं, ते समोर येईल त्या बीवर घाव घालतं आणि पुढे जातं. घाव बसलेली बी पुन्हा पात्यासमोर येते की भांड्याच्या कडेला चिकटून बसते, हा तिच्या नशिबाचा भाग. याला दळणं म्हणत असाल, तर दंगलीला सामाजिक कार्य म्हणायला हरकत नाही.

विश्वास बसत नसेल तर मिक्सरमधली ती कॉफी कालच्या वर्तमानपत्रावर पसरून पाहा. मी पाहिली आहे. काही बिया नुसत्या दुभंगलेल्या, काही भाग रव्यासारखा आणि उरलेली निव्वळ धूळ. ही धूळ फिल्टरच्या भोकांत जाऊन बसते आणि डिकॉक्शन उतरायला नकार देते. वर उकळत्या पाण्यात ती आपला सगळा कडूपणा पहिल्याच फेरीत देऊन टाकते. दुभंगलेल्या बिया मात्र काहीच देत नाहीत, त्यांची वसुली व्हायच्या आत पाणी निघून गेलेलं असतं. एकाच कपात एकीकडे जळकट कडू आणि दुसरीकडे पाणचट आंबट! थांबून थांबून, भांडं हलवून फिरवलं की जरा बरं होतं हे मी कबूल करतो. पण त्या भांड्याला काल संध्याकाळच्या लसणाची आठवण असते, तिचं काय करायचं?

आमच्या हेडकॅशियरसाहेबांचा मुद्दा वेगळा होता. ते म्हणाले, “अरे, वेळ किती वाचतो ते बघ!” बघितला. घड्याळ लावून बघितला. मिक्सरला अर्धा मिनिट, हाताला साडेचार. म्हणजे चार मिनिटं वाचली. त्यातून भांडं विसळणं, झाकणाच्या रबराखालची पूड टूथपिकने काढणं आणि ओटा पुसणं वजा जाता निव्वळ नफा दीड मिनिट. मी त्यांना विचारलं, “या दीड मिनिटाचं तुम्ही करता काय? मुदत ठेवीत टाकता?” ते काही बोलले नाहीत. ते इन्स्टंटवाले आहेत हे मला नंतर कळलं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

माझ्या बाजूने एक न्यायाधीशसुद्धा आहे. ब्रिया-सावारँ नावाचा हा फ्रेंच गृहस्थ न्यायदानापेक्षा खाण्यापिण्याबद्दल लिहिलेल्या पुस्तकामुळे अजरामर झाला. ते पुस्तक १८२५ सालचं. त्यात तो सांगतो की त्याने उत्तम मोका कॉफी भाजली, तिचे दोन सारखे भाग केले, एक गिरणीत दळला आणि दुसरा तुर्की पद्धतीने खलात कुटला. दोन्हींची सारख्याच वजनाच्या पाण्यात कॉफी केली आणि जाणकारांना पाजली. निकाल एकमताने कुटलेल्या कॉफीच्या बाजूने लागला. विजेचा ग्राइंडर अजून जन्माला यायचा होता, तरी साधी गिरणीसुद्धा हरली! हा निकाल हातात घेऊन मी विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात शिरलो.

“अगं, आपला पाटा-वरवंटा कुठे आहे गं?”

“माळ्यावर. का?”

“कॉफीसाठी. हाताने वाटलेल्या कॉफीची सर—”

“कोण वाटणार?”

प्रश्न दोन शब्दांचा. पण अचानक आलेल्या ऑडिटरने अचूक तीच फाइल मागावी तसा तो होता. या खर्चाची तरतूद मी कुठेच केलेली नव्हती. मी ओव्यांकडे वळलो. जात्यावर बसून बायका कशा गात असत, त्या घरघरीतून केवढं काव्य निर्माण झालं, वगैरे. हेमा रैरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हेही मी ऐकवलं. आकडा आला की मला बळ येतं.

“एक लाख?” ती म्हणाली. “एवढी गाणी म्हणावी लागली, यावरूनच काम केवढं होतं ते ओळखा.”

मग तिने माझ्याच आजीची गोष्ट मला सांगितली. ती माझ्या आईने तिला सांगितली होती, मला कधीच नाही. मी विचारलीही नसेल. आजी पहाटे चारला उठून घरातल्या अकरा माणसांचं दळण दळायची. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली होता. हे मला आठवतं, पण लहानपणी मला वाटायचं की आज्या तशाच असतात. गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी आजीने जात्याला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि त्यानंतर मरेपर्यंत त्याच्या खुंट्याला हात लावला नाही.

मी न्यायाधीशाचं पुस्तक पुन्हा उघडलं. मी कॉमर्सचा असलो तरी मला शाळेतला कर्मणी प्रयोग ओळखता येतो. कॉफी ‘मी’ भाजली, असं हा गृहस्थ ऐटीत लिहितो. कॉफी ‘मी’ केली, असंही लिहितो. मधल्या वाक्यात मात्र एक भाग ‘दळला गेला’ आणि दुसरा ‘कुटला गेला’! कोणी कुटला, याचा निकालपत्रात उल्लेख नाही. पाट्यावरच्या चटणीची, उखळातल्या पोह्यांची आणि जात्यावरच्या पिठाची थोरवी गाणारे जेवढे लेख मी आजवर वाचले, ते सगळे याच कर्मणी प्रयोगात आहेत. चव घेणारे आम्ही आणि खांदा दुसऱ्याचा. लेख लिहून हात दुखला तर बाम चोळायलासुद्धा पुन्हा तोच खांदा!

तेव्हा माझं म्हणणं दुरुस्तीसह पुन्हा मांडतो. कॉफी हाताने दळावी, पण ज्याला ती हाताने दळलेली हवी आहे त्याच्याच हाताने. ही दुरुस्ती घरात तात्काळ आणि एकमताने मंजूर झाली. माळ्यावरून पाटा मलाच उतरवावा लागला.

पाट्याचा उपयोग शून्य. भाजलेली बी टणटणीत, तिच्यावर वरवंटा ठेवला की ती घरंगळते. एक बी गॅसच्या सिलिंडरमागे गेली, ती अजून तिथेच आहे. जाड पिशवीत बिया घालून लाटणं फिरवलं, तेव्हा बऱ्यापैकी भरड निघाली, पण पिशवी फाटली. अखेर खलबत्त्याने लाज राखली. त्याचीही रीत आहे. एका वेळी मूठभरच बिया घ्यायच्या. आधी घाव घालायचा नाही, बत्त्याने नुसतं दाबायचं. बी कटकन फुटते. सगळ्या फुटल्या की मग बत्ता खलाच्या कडेने गोल फिरवत रगडायचा. वर डाव्या हाताचा पंजा झाकण म्हणून, खाली चौघडी टॉवेल खालच्या मजल्यावरच्यांसाठी. मग रव्याच्या चाळणीतून चाळायचं आणि वर राहिलेली भरड पुन्हा खलात. खलबत्त्यात पूर्वी सुंठ, वेलदोडे, लसूण अशी मंडळी राहून गेलेली असतात. त्यांचा वास घालवायला आधी मूठभर कोरडे तांदूळ कुटून टाकून द्यायचे. बेथोव्हेन म्हणे एका कपाला साठ बिया मोजून घ्यायचा, असं त्याचा चरित्रकार शिंडलर लिहितो. मोजायचं काम माझ्या अंगवळणी पडलेलं असल्यामुळे मीही मोजून पाहिल्या. साधारण आठ ग्रॅम भरतात. आमच्या घरी पिणारे चार, म्हणजे दोनशे चाळीस बिया. पहिल्या आठवड्यात माझा हात असा भरून यायचा की काउंटरवर सही करताना माझ्याच सहीचा मला संशय येई.

मग एका तमिळ सहकाऱ्याने आपल्या घरची जुनी लोखंडी गिरणी आणून दिली. ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळायची, वरून बिया टाकायच्या आणि दांडा फिरवायचा. आत दोन दातेरी चकत्या असतात. त्यांच्यामधली फट स्क्रूने कमीजास्त होते आणि त्या फटीतून निघेल तेवढ्याच आकाराचा कण बाहेर पडतो. आपलं जातंच की हे, फक्त उभं केलेलं! आजी असती तर तिने लांबूनच नमस्कार केला असता. “आमच्याकडे ही रोज अप्पाच फिरवायचे,” सहकारी म्हणाला, “ऑफिसला जायच्या आधी.” त्या अदृश्य अप्पांबद्दल मला एकदम आपुलकी वाटली. ते आपल्या कॉफीबद्दल कर्तरी प्रयोगात बोलू शकत होते.

आता सकाळी सहाला मी ओट्याशी उभा असतो. मिक्सरच्या किंचाळण्याने पूर्वी आई दचकून उठायची, आता ती गिरणीची घरघर ऐकून आपली आपण उठते आणि स्टूल ओढून बसते. आम्ही फारसं बोलत नाही. एकदा मात्र तिने म्हटलं, “दांडा खांद्यातून फिरवू नकोस रे, कमरेतून फिरव. आई म्हणायची.”

परवा एकादशी होती. मी गिरणी पुसत होतो, तेवढ्यात समोर खलबत्ता आणि भाजून सोललेल्या दाण्यांची वाटी आली.

“अहो, उभेच आहात तर खिचडीसाठी एवढं कूट करा.”

“मिक्सर आहे ना?” मी म्हटलं.

“मिक्सरमध्ये दाणे कुटता येत नाहीत,” ती साबुदाणा मोकळा करता करता म्हणाली. “ते नुसते फिरतात.”

वाटीभर दाण्यांना अकरा मिनिटं लागतात.