यादी नको, दिवस दिसावा

कामांची नोंद ठेवणारी अ‍ॅप्स ढीगभर आहेत. पण यादी कितीही लांबते, दिवस मात्र चोवीस तासांचाच. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध संपायला किती दिवस लागतील, असे विचारले होते. अंदाज सरासरी ३४ दिवसांचा निघाला, लागले ५५. वेळेचा असा कमी अंदाज आपण सगळेच बांधतो. म्हणून अ‍ॅप निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: प्रत्येक कामाला वेळ नेमता येतो का, दिवस भरल्याचे नजरेला दिसते का आणि आपल्या शहरात नळाच्या पाण्याचा दिवस पुढेमागे झाला, तर कामे बोटाने सरकवता येतात का. आज न मावणारे काम सकाळीच दिसले, तर रात्रीची झोप वाचते.