थारला मोठे टायर लावताय? आधी हे गणित करून बघा

नवी थार किंवा जिम्नी दारात आली की महिनाभरात एक प्रश्न हमखास निघतो, ‘टायर मोठे कधी करायचे?’ रील्समध्ये फेंडरच्या बाहेर आलेले जाडजूड टायर दिसतात. दुकानात ‘साहेब, आरामात बसतात’ असं सांगितलं जातं आणि दोन-तीन तासांत गाडीचा नूर पालटतो. गाडी उंच दिसते, दणकट दिसते. पण टायरचा आकार बदलला की वेगाचा काटा, गिअर, ब्रेक आणि स्टीअरिंग यांचं गणितही बदलतं. हे गणित अवघड नाही. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत होतं.

टायरवरचा आकडा कसा वाचायचा?

२०२० मध्ये आलेल्या थारच्या खालच्या व्हेरिएंटला २४५/७५ आर १६ हा टायर होता. यातले २४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १८४ मिमी. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १६ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. रिमचे ४०६ मिमी आणि वरची-खालची साइडवॉल मिळवली की चाकाची पूर्ण उंची येते सुमारे ७७४ मिमी.

आता त्याच थारच्या वरच्या व्हेरिएंटचा टायर बघा: २५५/६५ आर १८. रिम तब्बल २ इंचांनी मोठी, तरी चाकाची पूर्ण उंची सुमारे ७८९ मिमीच. फरक २ टक्क्यांच्या आत. कंपनीने रिम वाढवताना साइडवॉल कमी केली आणि चाकाची उंची जवळपास तीच ठेवली. बाकीची गाडी या उंचीवर बेतलेली असते, हे यातून कळतं.

८ टक्क्यांनी काय बिघडतं?

समजा, १६ इंची रिमवर कुणी २८५/७५ आर १६ टायर चढवला. चाकाची उंची होते सुमारे ८३४ मिमी, म्हणजे ६० मिमी जास्त, जवळपास ८ टक्के. यातला फायदा आधी सांगूया. मागचा अ‍ॅक्सल जमिनीपासून ३० मिमी वर जातो. लिफ्ट किटने बॉडी वर जाते, पण थारसारख्या गाडीचा मागचा सलग अ‍ॅक्सल तिथेच राहतो. तो वर न्यायचा तर टायरच मोठा लागतो. त्यामुळे खरोखर दगडधोंड्यांत गाडी घालणाऱ्यांची मागणी अगदीच निराधार नाही.

आता किंमत. गाडी वेग मोजते ती चाकाच्या फेऱ्यांवरून. काटा आधी अचूक होता असं धरलं, तर तो ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८६ असेल. कारखान्यातून येणारा काटा साधारणपणे खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो. ही सुरक्षिततेची राखीव जागा मोठा टायर खाऊन टाकतो. ओडोमीटरवर १०,००० किमी झाले तेव्हा गाडी प्रत्यक्षात १०,७५० किमीच्या पुढे गेलेली असते. म्हणजे सर्व्हिस उशिरा होते आणि जुनी गाडी घेणाऱ्याला कमी आकडा दिसतो. ‘टायर बदलले आणि मायलेज पडलं’ या तक्रारीतला काही भागही मीटरच्या याच चुकीचा असतो.

ओढही घटते. त्याच गिअरमध्ये रस्त्यावर पडणारा जोर सुमारे ७ टक्क्यांनी कमी होतो. वरंध घाट किंवा माळशेज घाट चार जण आणि सामान घेऊन चढताना एक गिअर खाली यावं लागेल. १.५ लिटर पेट्रोल इंजिनच्या जिम्नीत हे जास्त जाणवतं. तिचा मूळ टायर १९५/८० आर १५. त्याजागी २१५/७५ आर १५ लावला तर उंची दीड टक्क्यानेच वाढते. २३५/७५ आर १५ लावला तर वाढ थेट ६ टक्क्यांच्या जवळ जाते.

उतारावर प्रश्न ब्रेकचा येतो. डिस्क आणि कॅलिपर तेच, चाक मात्र मोठं आणि जड. तितकीच गाडी थांबवायला पेडल जास्त दाबावं लागतं आणि लांब उतारावर ब्रेक लवकर तापतात. एबीएस आणि ईएसपी यांची आखणीही मूळ चाक धरून झालेली असते.

फोर बाय फोरची वेगळी अट

थार आणि जिम्नीत फोर-हाय किंवा फोर-लो लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात आणि एकाच गतीने फिरतात. पुढचे टायर एका उंचीचे आणि मागचे दुसऱ्या उंचीचे असतील, तर प्रत्येक फेरीत दोघांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं. चिखलात टायर घसरतो आणि ताण सुटतो. कडक जमिनीवर हा ताण ट्रान्सफर केस आणि अ‍ॅक्सलवर जातो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन जुने ही काटकसर इथे महागात पडते.

स्टेपनीचंही तेच. अनेक जण चार मोठे टायर घेतात आणि स्टेपनी जुनीच ठेवतात. आडवाटेला पंक्चर झालं की एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या उंचीची चाकं येतात, तेही नेमकी फोर बाय फोरची गरज असताना. पाचवा टायर घेतला तर तो मागच्या दारावर लटकतो. त्याच्या वाढलेल्या वजनाचा भार दाराच्या बिजागरींवर पडतो.

रुंदीबद्दलही सावध राहा. चाक बाहेर यावं म्हणून वेगळ्या ऑफसेटची रिम किंवा स्पेसर लावला की व्हील बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि खड्ड्यात स्टीअरिंगला जास्त हिसका बसतो. फेंडरबाहेर आलेलं चाक शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याच्या अंगावर चिखल आणि खडे उडवतं. गाडी आपली असली तरी रस्ता सगळ्यांचा आहे.

कायदा काय सांगतो?

नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. खासगी गाडीच्या स्मार्ट कार्डवर टायरचं माप सहसा नसतं. दुकानदाराचं ‘चालतं’ याच फटीतून येतं. अपघातानंतर मात्र विमा कंपनीला न कळवलेला हा बदल दाव्यात वादाचा मुद्दा ठरू शकतो. तेव्हा दुकानदार सोबत नसतो.

माझ्या मते सरसकट बंदी हा यावरचा उपाय नाही. जर्मनीत गाडीच्या मंजुरीच्या कागदपत्रांत चालणारी टायरची मापं दिलेली असतात. त्याबाहेरचं माप हवं असेल तर टीयूव्हीसारख्या संस्थेकडून तपासणी करून नोंद घ्यावी लागते. आपल्याकडे फोर बाय फोर विकताना जाहिरातीत चिखल, ओढे, डोंगर दाखवणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलला चालणारी पर्यायी मापं लेखी द्यायला काय हरकत आहे? ती यादी आली, तर ग्राहकाला दुकानदाराच्या शब्दावर विसंबावं लागणार नाही आणि आरटीओलाही नियम लावणं सोपं जाईल.

तोवर काय कराल?

• आधी मूळ मापातच ऑल-टेरेन टायर घ्या. चिखलात पकड मुख्यतः नक्षी आणि हवेच्या दाबामुळे मिळते.

• चिखलात किंवा वाळूत हवा थोडी कमी करा. डांबरावर येताच पुन्हा भरा. त्यासाठी छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा.

• माप बदलायचंच असेल, तर चाकाची पूर्ण उंची २ ते ३ टक्क्यांच्या आत ठेवा.

• ऑफ-रोडसाठी रिम मोठी करू नका. लहान रिम आणि उंच साइडवॉल दगडांचा मार जास्त सोसते.

• लोड इंडेक्स मूळपेक्षा कमी नको. १११ हा आकडा म्हणजे एका टायरवर कमाल १,०९० किलो.

• स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, गाडीत माणसं बसवून टायर कुठे घासतो का ते पाहा.

• विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

मूळ माप आणि हवेचा दाब चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. दुकानात जाण्याआधी त्याचा फोटो काढून घ्या आणि नव्या टायरची उंची त्याच्याशी ताडून बघा.