तक्त्यापलीकडची दृष्टी

कोपरीतील एखाद्या मधुमेही विद्यार्थ्याने तक्त्यावरची शेवटची ओळ अचूक वाचली, की त्याचे डोळे निर्दोष ठरतात. हा समज घातक होय. दृष्टी शाबूत असतानाही दृष्टिपटलातील सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागलेल्या असू शकतात. वेळीच कळल्यास अंधत्व बहुधा टळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये पालघरला, म्हणजे तत्कालीन ठाणे जिल्ह्यातच झाला. शाळेत होणारी त्याची नेत्रतपासणी स्तुत्य खरी, पण इथे तोकडी. इंग्लंडमध्ये मधुमेही मुलांना बाराव्या वर्षापासून दृष्टिपटलाच्या छायाचित्रणासाठी बोलावले जाते. ठाणे महापालिकेने कोपरीत ठराविक दिवशी तसा कॅमेरा आणावा. दिवस मात्र सुटीचा हवा. थेंब घातल्यावर काही तास पुस्तकातले अक्षर लागत नाही, आणि परीक्षा तोंडावर असलेला विद्यार्थी तपासणीलाच फाटा देतो.