बाटलीतले मीठपाणी

वैशाखातील ऊन खानदेशाला नवे नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, धुळ्याचे रस्ते भरदुपारी ओस पडतात, आणि याच दिवसांत लहानमोठ्या दवाखान्यांतील खाटा भरू लागतात. ताप नाही, उलटी-जुलाब नाहीत. लग्नसराईचा शीण आहे, अंग गळून गेले आहे. मागणी मात्र ठरलेली : "डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावून द्या." डॉक्टरांनी नकार दिला, तर रोगी शेजारच्या दवाखान्याची पायरी चढतो.

अशा वेळी वैद्यकाच्या लोभाकडे बोट दाखवणे सोपे असते, आणि काही ठिकाणी तो आरोप खराही आहे. परंतु मागणी आपल्याच घरातून येते, हे कसे विसरावे? पैसे मोजल्याशिवाय, सुई टोचल्याशिवाय उपचार झाला असे आपल्याला वाटतच नाही.

त्या बाटलीत असते तरी काय? अर्ध्या लिटर सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. एक चमचाही नाही. ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत बहुधा २५ ग्रॅम साखर. एका मोठ्या केळ्यातून शरीराला जवळपास तेवढीच शक्ती मिळते, वर पोटॅशियम मिळते, जे साध्या सलाईनमध्ये नसतेच. ज्या जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या केळीबागेतील मजुराने दिवसाची मजुरी त्या बाटलीवर घालवावी, हे दुर्दैव आहे.

शुद्ध हरपलेला, पाणीही न ठरणारा, उष्माघाताने तापलेला रोगी निराळा. त्याचे अंग थंड करत त्याला तातडीने मोठ्या रुग्णालयातच नेले पाहिजे. 'आधी एक बाटली लावून पाहू' म्हणण्यात मोलाचा वेळ जातो. ज्याला तोंडाने पिता येते, त्याच्या शिरेत सुई घालण्याचे मात्र कारण नाही. अस्वच्छ सुईतून काविळीचे विषाणू शिरू शकतात. हृदय वा मूत्रपिंड दुबळे असलेल्या वृद्धांच्या फुप्फुसांत ते जादा पाणी साचते. 'आजीला जरा तरतरी येईल' म्हणून बाटली लावून आणणाऱ्या सुशिक्षित मुला-नातवंडांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

याबाबतीत जगाला वाट दाखवली ती एका भारतीयाने. १९७१ मध्ये पाकिस्तानी सैन्याच्या अत्याचारांतून जीव वाचवून आलेले पूर्व बंगालचे निर्वासित, ज्यांत हिंदूंची संख्या फार मोठी होती, बनगावच्या छावणीत पटकीने मरत होते. सलाईनचा साठा संपत आला. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत भरले व आप्तांच्याच हातून रुग्णांना पाजवले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. साखर असली की आतडे मीठ आणि पाणी वेगाने शोषून घेते, एवढेच त्यामागचे शास्त्र. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आपल्या किती घरांत हे नाव ठाऊक आहे?

उन्हाळ्यात आपले कार्यकर्ते ठिकठिकाणी पाणपोया चालवतात. तिथे मीठ-साखरेच्या पाण्याचा एक माठ सहज ठेवता येईल : एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पुडी विकत घ्यायची तर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख वाचूनच घ्यावी. 'ओआरएस' हे नाव लावून गोड पेये विकण्याला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती उगाच नव्हे.