गाडगे फुटले म्हणून रहाट मोडायचा काय?

वसईच्या वाड्यांतून फिरणारे अखेरचे रहाट आमच्या पिढीने बालपणी पाहिले आहेत. माळेतील एखादे गाडगे फुटले, तर त्या जागी दुसरे बांधले जाई. लाकूड खिळखिळे झाले, तर सुतारास बोलावणे जाई. एक गाडगे फुटले म्हणून उभा रहाट मोडीत काढावा आणि नवा आणावा, असे कोणी सुचवले असते, तर लोकांनी त्यास वेड्यात काढले असते. आज नेमका हाच सल्ला काचेच्या दारामागे थंड हवेत बसलेला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला तरुण आम्हांस अत्यंत नम्रपणे देतो आणि आम्ही तो मान तुकवून स्वीकारतो. त्या तरुणाविषयी आमच्या मनात राग नाही. तो पोटासाठी पढवलेले बोलतो. त्यास असे बोलावयास लावणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध मात्र आमची तक्रार आहे आणि ती आम्ही येथे मांडू इच्छितो.

प्रथम घडलेली हकिगत सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या सभागृहातील टीव्ही बिघडला. आवाज येई, परंतु चित्र दिसेना. वॉरंटी संपून चार महिने झाले होते. कंपनीच्या सेवा केंद्रातून माणूस आला. त्याने पाहणीचे शुल्क घेतले आणि मागचे झाकण न उघडताच ‘पॅनेल गेले’ असा निवाडा दिला. पॅनेलची किंमत नव्या टीव्हीच्या किमतीला जवळजवळ भिडणारी होती. जुना देऊन नवा घेतल्यास सवलत मिळेल, हेही सांगण्यास तो विसरला नाही.

आम्ही बाजारातील एका जुन्या मेकॅनिकला बोलावले. त्याने खिडक्या लावून घेतल्या, टीव्ही सुरू केला आणि पडद्याजवळ विजेरी धरली. उजेडाच्या त्या लहानशा वर्तुळात बातम्या देणाऱ्या निवेदिकेचा चेहरा अंधुकसा दिसला. ‘फादर, चित्र जिवंत आहे. मागचा दिवा तेवढा विझलाय,’ तो म्हणाला. अशा टीव्हीच्या पडद्यामागे एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात. हे दिवे एकाच साखळीत जोडलेले असल्यास त्यांपैकी एक जळताच बाकीचेही विझतात. पॅनेल शाबूत होते. त्याने पट्ट्या बदलल्या आणि कंपनीने सांगितलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्श्यात काम झाले. तो टीव्ही आजही चालू आहे.

तथापि, ह्याच कुशल माणसाला दुसऱ्या वेळी आम्ही हतबल झालेला पाहिला. आमच्या धर्मग्रामातील एका धुणीभांडी करणाऱ्या भगिनीच्या मोबाईलचा पडदा फुटला. मुलाने हौसेने आईला घेऊन दिलेला तो महाग मोबाईल होता. मेकॅनिकने त्याच बनावटीच्या दुसऱ्या निकामी मोबाईलचा मूळचा पडदा काढून बसवला. पडदा उजळला, परंतु ‘हा भाग ओळखीचा नाही’ अशी सूचना झळकू लागली आणि काही सोयी बंद पडल्या. भाग अस्सल होता, जोडणी अचूक होती, तरी यंत्र त्यास आपला म्हणेना. कारण अशा भागाचा क्रमांक मुख्य बोर्डाशी आज्ञावलीद्वारे बांधलेला असतो आणि ती गाठ सोडण्याचे साधन कंपनीने आपल्यापाशी ठेवलेले असते. ह्या युक्तीस ‘पार्ट पेअरिंग’ म्हणतात. ‘फादर, माझा हात चुकला नाही, हे कुलूप वरून घातलेलं आहे,’ हे सांगताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर जी ओशाळवाणी छटा आली, ती आम्ही विसरू शकत नाही. ज्याने अपराध केला नव्हता, तो ओशाळला होता.

आता प्रश्न असा की, ती वस्तू कोणाची? त्या भगिनीच्या मुलाने पूर्ण पैसे मोजले, पावती घेतली, कर भरला. व्यवहाराच्या आणि कायद्याच्या भाषेत मोबाईल त्यांचा झाला. परंतु तो उघडावा कोणी, त्यात कोणता भाग बसवावा आणि तो कधी टाकून द्यावा, हे सारे ठरवणार कंपनी! घर विकून झाल्यावरही किल्ली आपल्या कमरेला ठेवणाऱ्या घरमालकास आपण काय म्हणतो? ज्या वस्तूची दुरुस्ती आपल्या मर्जीने करता येत नाही, तिचे आपण मालक नसतो, भाडेकरू असतो. आमच्या मते ह्या वादाचे मूळ येथे आहे. पैशाचा प्रश्न त्यानंतरचा.

ही वृत्ती काही आजची नाही. १९२४ साली जगातील बड्या विद्युतदिवा-उत्पादकांनी जिनिव्हा येथे ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवण्याचा करार केला. अधिक टिकणारा दिवा बनवणाऱ्या सभासदास दंड होई. वस्तू टिकली तर विक्री खुंटते, हे गणित शंभर वर्षांपूर्वीच मांडले गेले होते. तरीही मधल्या काळात दुरुस्तीचे दार उघडे राहिले. अनेक रेडिओ संचांसोबत आतील जोडणीचा आराखडा मिळत असे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळत आणि गावोगावचे कारागीर सोल्डरिंगची कांडी घेऊन आपले घर चालवीत. आज तो कारागीर नाहीसा होत आहे तो त्याचे कसब आटले म्हणून नव्हे. त्याच्या हातातून आराखडा, भाग आणि साधन ही तिन्ही काढून घेतली गेली म्हणून.

कंपन्यांची बाजू ऐकून घेणे न्यायाचे होईल. त्यांचे पहिले म्हणणे सुरक्षिततेचे आहे. लिथियमची बॅटरी चुकीच्या हाताने बसवली, तर ती फुगते, पेट घेते. हे खरे आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. परंतु अस्सल बॅटरी बाजारातील मेकॅनिकला विकावयाची नाही आणि मग तो नकली बसवतो म्हणून ओरड करावयाची, हा कोठला न्याय? ग्राहकाला नकली मालाच्या दारात ढकलणारेच सुरक्षिततेचे प्रवचन देतात, तेव्हा आमच्यासारख्या प्रवचनकारासही संकोच वाटतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२१ मध्ये काँग्रेसला सादर केलेल्या अहवालात कंपन्यांच्या अशा कारणांना पुष्टी देणारा पुरावा अत्यल्प असल्याचे नमूद केले आहे.

दुसरे म्हणणे व्यापारी गुपितांचे. आम्ही कोणाच्या कारखान्याचे गुपित मागत नाही. बिघाड शोधण्यास लागणारा आराखडा, त्रुटी दाखवणाऱ्या संकेतांचा अर्थ आणि रास्त दरात सुटा भाग, एवढेच मागतो. तिसरे म्हणणे असे की, काही वस्तूंची दुरुस्ती परवडतच नाही. असेलही, परंतु काय परवडते हे ज्याच्या खिशातून पैसा जातो त्याने ठरवावे. विकणाऱ्याने ते ठरवणे म्हणजे कुंपणानेच शेत खाणे होय.

आपल्या देशात ह्या प्रश्नाची दखल घेतली गेली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू न देणे, हा त्यांचा दोष ठरला. पुढे अपिले झाली. परंतु तत्त्व स्पष्टपणे उच्चारले गेले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनी त्यासाठी एक पोर्टल सुरू केले. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक ग्राहकांस दाखवावा, अशी शिफारस केली. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु पोर्टल म्हणजे माहितीची सोय. ते कोणाही कंपनीस सुटा भाग देण्यास भाग पाडू शकत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकांचे सहा हक्क सांगितले. त्यांत दुरुस्तीच्या हक्काचे नाव नाही.

अन्य देशांत नियमांना दात आले आहेत. युरोपीय संघाने जून २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला आणि सदस्य राष्ट्रांस अंमलबजावणीसाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख ठरवून दिली. मोबाईलच्या नमुन्याची विक्री थांबल्यानंतरही त्याचे महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवावेत, असा तेथील नियम २० जून २०२५ पासून लागू झाला. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याने २०२४ साली केलेल्या कायद्याने पार्ट पेअरिंगच्या कुलुपावरच घाव घातला. जे युरोपातील ग्राहकास द्यावे लागते, ते भारतातील ग्राहकास देताना कंपन्यांचे हात का आखडावेत? आमचा पैसा हलका आहे काय?

ह्या अडवणुकीची किंमत केवळ घरखर्चात मोजून भागणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी जेमतेम २२ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातील कितीतरी कचरा गरिबांच्या वस्तीत जळतो आणि तारांतील तांब्यासाठी तेथील मुले तो धूर गिळतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात फेकून देण्याच्या ज्या संस्कृतीवर बोट ठेवले, तिचे हे रोजच्या व्यवहारातील रूप आहे.

परंतु कंपनीकडे एक बोट दाखवताना तीन बोटे आपल्याकडे वळलेली असतात, हे विसरून चालणार नाही. चालता मोबाईल देऊन नवा घेण्याची घाई कोणास असते? दुरुस्त केलेली वस्तू वापरणे म्हणजे दारिद्र्य, असे मुलांच्या मनावर कोण बिंबवते? ज्या आईने गोधडी शिवली आणि ज्या वडिलांनी छत्रीची काडी बदलून आणखी चार पावसाळे काढले, त्यांची आपण लेकरे. दुरुस्तीची लाज आपण कोठून आणली?

म्हणून वाचकांस आमचे सांगणे असे. पुढची वस्तू घेताना दुकानदारास तीन प्रश्न विचारावेत: सुटे भाग किती वर्षे मिळतील? वॉरंटीनंतर बॅटरी वा पडदा बदलण्यास किती खर्च येईल? बाहेरच्या मेकॅनिकने अस्सल भाग बसवल्यास वस्तूच्या सर्व सोयी चालतील काय? उत्तर शक्यतो लेखी घ्यावे. ‘भाग मिळत नाही’ असे सेवा केंद्राने सांगितल्यास तेही लेखी मागावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे दाद न लागल्यास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क पडत नाही. एकाने तक्रार केली, तर ती फाइलीत पडून राहील. प्रत्येक गावातून दहा गेल्या, तर कायदा करणाऱ्यांना ऐकावे लागेल.

आणि घरातील वस्तू बिघडली, तर प्रथम बाजारातील त्या मेकॅनिककडे जावे. त्याचे दुकान चालू राहिले, तरच उद्या दुरुस्तीचा हक्क मिळून उपयोग. हक्क मिळेपर्यंत शेवटचा कारागीर दुकान बंद करून गेलेला असेल, तर नवे गाडगे मिळूनही ते रहाटाला बांधावे कोणी?