नळाच्या तोंडाशी थांबलेली मोजणी

मुंबईत सात ठिकाणी मिळून दिवसाला सुमारे २४६ कोटी लिटर मैलापाणी शुद्ध करणारे प्रकल्प उभे राहत आहेत. खर्च सतरा हजार कोटींच्या घरात. माहीमचा उपसागर आणि ठाण्याची खाडी त्याने सुधारली की नाही, हे ठरवायचे कशावरून? आंघोळीयोग्य समुद्रपाण्यासाठी केंद्राने घातलेल्या निकषांत प्राणवायू आहे, गढूळपणा आहे, विष्ठेतले जिवाणूही आहेत. नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र नाहीत. शेवाळ माजते ते नेमके यांच्यामुळे. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि मासळी गुदमरते.

हरित लवादाने २०१९ मध्ये महानगरांतल्या प्रक्रिया केंद्रांसाठी लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रोजनची मर्यादा सांगितली. चांगलेच झाले. पण ही मर्यादा काटेकोर पाळूनही या सात केंद्रांचे सगळे पाणी समुद्रात सोडले, तर रोज जवळपास २५ टन नायट्रोजन जाईल. तेवढा भार किनाऱ्यालगतच्या पाण्याला पेलतो का, हा प्रश्न त्या मर्यादेत येतच नाही.

फ्लोरिडातल्या टॅम्पा बे या उपसागरात सुरुवातच या प्रश्नापासून झाली. शेवाळाने ऊन अडवल्यामुळे तिथली समुद्रगवताची कुरणे १९८०च्या सुमारास निम्म्यावर आली होती. १९५०च्या आसपास होते तितके गवत परत हवे, हे आधी ठरले. त्यावरून पाणी किती नितळ हवे आणि नायट्रोजन किती टन चालेल, याचे गणित मांडले गेले. मग तो भार नगरपालिका, वीजकेंद्रे आणि खत कंपन्यांत वाटून दिला. २०१४ मध्ये उद्दिष्ट गाठले. पुढे गवत पुन्हा घटले, २०२१ मध्ये एका बंद खत कारखान्याच्या तळ्यातले ८१ कोटी लिटर दूषित पाणीही उपसागरात आले. तरी काय बिघडले ते आकड्यांत सांगता आले, कारण दर महिन्याची मोजणी चालूच होती.

आपल्या गढूळ पाण्यात समुद्रगवताचा निकष चालणार नाही. ठाण्याच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या थव्यांवर खूश होणेही भाबडेपणाचे. ते खातात ते शेवाळ मैलापाण्यावरच फोफावते. इथे मोजायला हवा तो पहाटेचा प्राणवायू, चिखलातले किडे-शिंपले, आणि कोळ्यांच्या डोल जाळ्यात काय व किती येते ते. केंद्रे सुरू होण्यापूर्वीच्या निदान दोन पावसाळ्यांची नोंद नसेल, तर पुढची तुलना कशाशी करणार? या मोजणीचा खर्च महापालिकेने प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावा आणि आकडे दरमहा जाहीर करावेत.